रोग आहे हे माहीत असून लग्न केलं, तर कायद्याने काय करता येतं?

राजापूरची_गंगा
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचक होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही तपशील मुद्दाम गाळलेत. कुणी ओळखायच्या फंदात पडू नये ही विनंती.

नात्यातल्या एका मुलीचं मागच्या वैशाखात लग्न झालं. मुलगा मुंबईला खाजगी नोकरीत, मध्यस्थ नात्यातलाच, त्यामुळे चौकशी म्हणावी तशी झालीच नाही. दिवस गेल्यावर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या, त्यात तिची एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली. नवऱ्याला बोलावून घेतलं. तो त्या रात्री तिच्याजवळ कबूल झाला की लग्नाआधीपासून त्याला माहीत होतं. गोळ्या चालू केल्या होत्या, पण खोलीवरच्या पोरांना संशय येईल म्हणून मध्येच सोडल्या.

माझा प्रश्न सरळ आहे. माहीत असून दुसऱ्याला असा आजार देणं हा आपल्याकडे गुन्हा आहे की नाही? असेल तर शिक्षा किती, आणि ती खरोखर होते का? माझं स्वतःचं मत विचाराल तर असा माणूस आत गेलाच पाहिजे.

दर्यावर्दी
तेका आधी चार फटके घालूक होये, मगे कायदो.

सोलकढी
दर्यावर्दी, तुमच्या चार फटक्यांना न्याय संहितेत स्वतंत्र कलम आहे आणि ते याच्यापेक्षा लवकर सिद्ध होईल. (हलके घ्या.)

गंगाताई, मुलीची औषधं सुरू झाली का? कोर्ट कुठे पळून जात नाही.

राजापूरची_गंगा
हो, लगेच एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नाव घातलं. रोज रात्री एक गोळी. तिला सोसतेय तशी, पहिले काही दिवस चक्कर यायची.

जुना_आयसीटीसीवाला
मग निम्मी लढाई योग्य वाटेवर आहे. मी सरकारी समुपदेशन केंद्रात नोकरी केली, आता निवृत्त. आईने गोळ्या चुकवल्या नाहीत आणि बाळाला जन्मल्यावर लगेच औषध दिलं, तर बाळाला लागण होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. काहीच केलं नाही तर तीच १५ ते ४५ टक्के असते. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांची, पक्का निकाल १८ महिन्यांना. तोपर्यंत चौकश्या करणाऱ्या आत्या-माम्यांना दारातूनच चहा पाजून परत पाठवा.

काही विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

काळा_डगला
ओरोसच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे मूळ प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर देते.

गुन्हा आहे का? आहे. जुन्या दंड संहितेत २६९ आणि २७० ही कलमं होती. जिवाला धोका असलेला रोग पसरेल असं कृत्य निष्काळजीपणे केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि दुष्ट हेतूने केलं तर दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून तीच कलमं भारतीय न्याय संहितेत २७१ आणि २७२ झाली. दोन्ही दखलपात्र आणि दोन्ही जामीनपात्र. म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवायला हवा, पण माणूस बहुधा रात्रीच्या जेवणाला घरी असतो. शिवाय 'दुखापत' या शब्दाच्या व्याख्येतच, आता कलम ११४, वेदनेबरोबर रोगही आहे.

मग २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला. त्याच्या कलम १० प्रमाणे, ज्याला आपली लागण माहीत आहे आणि ज्याचं समुपदेशन झालं आहे, त्याने ती दुसऱ्याला होऊ नये म्हणून वाजवी खबरदारी घ्यायचीच आहे. खबरदारी म्हणजे धोका कमी करायचे उपाय, किंवा संबंधाआधी जोडीदाराला सांगणं. पण हे कर्तव्य मोडलं तर अमुक शिक्षा, असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्यातल्या शिक्षा आहेत त्या द्वेष पसरवणाऱ्यांना आणि गुप्तता फोडणाऱ्यांना.

आता खरी अडचण. त्याला आधी माहीत होतं हे कागदाने दाखवावं लागेल. लग्नाआधी ती निगेटिव्ह होती हेही दाखवावं लागेल, आणि आपल्याकडे कुठली मुलगी लग्नाआधी ही चाचणी करून ठेवते? लागण त्याच्याकडूनच झाली हे तिसरं. आणि २७२ लावायचं तर हेतू दुष्ट होता हे चौथं. लाजेने, भीतीने लपवणं आणि मुद्दाम रोग देणं यात कोर्ट फरक करतं.

दर्यावर्दी
दोन वर्षां? आणि तीय जामिनावर? मेल्यानू, बेकायदा पर्ससीन जाळा लावल्यार लाखांत दंड आसा! म्हणजे बांगडो महाग आणि पोरगी स्वस्त.

सोलकढी
हा प्रतिसाद फ्रेम करून मत्स्य विभागाला पाठवावा.

टेम्सकाठचा_मालवणी
इकडे इंग्लंडात यासाठी वेगळा कायदा नाही, १८६१ चा मारहाणीचा जुना कायदाच वापरतात. २००३ मध्ये लंडनमध्ये त्याखाली एचआयव्हीसाठी पहिल्यांदा माणूस दोषी ठरला. पुढे अपील कोर्टाने म्हटलं की संबंधाला दिलेली संमती म्हणजे रोगाचा धोका पत्करायची संमती नव्हे. मला हे वाक्य फार पटतं. गंगाताईंच्या नात्यातल्या मुलीने लग्नाला हो म्हटलं होतं, याला नाही.

इथे हेतू वाईट असलाच पाहिजे असं नाही. धोका ठाऊक असून बेफिकिरी केली एवढं पुरतं, मात्र लागण प्रत्यक्ष झालेली असावी लागते. हा कायदा फक्त एचआयव्हीपुरताही नाही. नॉर्थॅम्प्टनच्या एका माणसाला २०११ मध्ये मैत्रिणीला हर्पिस दिल्याबद्दल १४ महिन्यांची शिक्षा झाली आणि अपिलात दोषसिद्धी कायम राहिली. त्यावर इथल्या डॉक्टर मंडळींनी डोक्याला हात लावला होता, कारण हर्पिसचा विषाणू एवढ्या लोकांत असतो की सगळ्यांना धरायचं तर तुरुंग पुरायचे नाहीत.

फणसाचा_गरा
अवांतर: टेम्सकाठचे, यंदा गणपतीला येताय ना? कोकण रेल्वेचं तिकीट काढलंत की विमानाने उतरून मग पेणपासून खड्डे मोजत?

टेम्सकाठचा_मालवणी
खड्डे. बुकिंग उघडताच वेटिंग लागतं, तो अनुभव लंडनहूनही तितकाच ताजा आहे.

म्हापसेकर
शिक्षा वाढवा, आत टाका म्हणणाऱ्यांना आमच्या गोव्यातली गोष्ट सांगतो. ती माझ्या गावाजवळच घडली आणि तेव्हा मी शाळेत होतो.

१९८९ साली डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा काही नव्हता. तो रक्तदान करायचा, त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही सापडला एवढंच. तेव्हा गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात असा रुग्ण वेगळा डांबून ठेवायची तरतूद होती. त्याला ६४ दिवस एका जुन्या क्षयरोग इस्पितळात एकट्याला कोंडून ठेवलं. आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, पण कोर्टाने ती तरतूद वैध ठरवली. सुटल्यावर त्याची नोकरी गेली. तरी तो उभा राहिला, बोलला, इतरांसाठी संस्था काढली, आणि १९९२ मध्ये वारला.

त्यानंतर आमच्या भागात रक्त तपासायला कोण पुढे आलं असेल सांगा. माझे काका तर साध्या मलेरियाच्या तपासणीलाही घाबरत.

जुनी_पाटी
म्हापसेकरांच्या आधीची शंभर वर्षं जोडतो. १८८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रखमा नावाच्या बाईचा खटला आला. ती वेश्याव्यवसाय करायची, तिला गरमी (सिफिलिस) होती, आणि तिच्याकडे गेलेल्या पुरुषाला ती लागली म्हणून तिच्यावर हेच २६९ कलम लावलेलं. कोर्टाने सांगितलं, या कलमाखाली ती दोषी होत नाही.

त्याच काळात १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदाही होता. त्यात बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी, तिच्याकडे जाणाऱ्या गोऱ्या सोजिराची नाही. तो १८८८ ला मोडीत निघाला. कायदा पुरुषाला धरायला म्हणून मागायचा आणि हाताला बाई लागायची, ही आपली जुनी रीत आहे.

दर्यावर्दी
इतिहास ऱ्हवांदे हो. त्या चेडवाचा काय?

आंबेवाली_काकू
दर्यावर्दींशी सहमत. तुमच्या लंडन-गोव्याच्या गप्पांत ती मुलगी बाजूला पडली. त्या माणसाने देवाब्राह्मणांसमोर लग्न लावलं आणि आईबापांनी तोंड मिटून अक्षता टाकल्या. त्यांना माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. त्यांचं काय?

मुक्काम_पोस्ट_चिपळूण
मी काय म्हणतो, लग्नाआधी चाचणी सक्तीचीच करा. पत्रिकेत ३६ गुण बघतो, मंगळ बघतो, नाडी बघतो. एक रक्ताचा कागद बघायला काय होतं?

सोलकढी
एकनाड असली तर शांत करता येते. रिपोर्टाची शांत कोण करणार?

जुना_आयसीटीसीवाला
सक्ती नको. २०१७ च्या कायद्यात संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. सक्ती केली की खोटे रिपोर्ट विकणाऱ्या लॅब उघडतील. शिवाय लागण नुकतीच झालेली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे चाचणी निगेटिव्हच येते, आणि सक्तीच्या कागदावर लोक डोळे झाकून विसंबतात. मी काय सांगत आलो? दोघांनी मिळून जा. सरकारी केंद्रात ही चाचणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही. रत्नागिरीत माझ्या टेबलासमोर साखरपुडा झालेली जोडपी येऊन बसली आहेत, लाजत लाजत, पण आली आहेत.

काकूंना एक सांगतो. आईबापांना माहीत असतंच असं नाही. मी किती पोरं पाहिली, जी घरी सांगण्यापेक्षा गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवतील.

अनामिक_वाचक_७
या धाग्यासाठी नवीन आयडी घेतला. मी पॉझिटिव्ह आहे. बरीच वर्षं झाली. आधी बोटीवर होतो, आता गावात छोटा धंदा आहे.

पहिल्या स्थळाला मी खरं सांगितलं. मुलगी नको म्हणाली, तो तिचा हक्क होता. पण आठ दिवसांत अख्ख्या वाडीला कळलं. पाण्याच्या रांगेत माझ्या आईची कळशी बाजूला सारली. केस कापणाऱ्याने 'उद्या ये' म्हटलं आणि तो उद्या अजून आलेला नाही. पुढच्या स्थळाला सांगताना माझे पाय का लटपटत होते ते समजून घ्या. तरी सांगितलं, समुपदेशकासमोर बसून सांगितलं. आज ती माझी बायको आहे, निगेटिव्ह आहे, मुलगाही निगेटिव्ह आहे. मी गोळी चुकवत नाही, माझ्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही.

त्या मुलाने केलं ते चूकच. मी त्याची बाजू घेत नाही. पण उद्या 'माहीत असून' एवढ्यावर तुरुंग म्हणालात, तर माझ्यासारखा पुढचा मुलगा म्हणेल की मग माहीतच करून घेऊ नये.

आंबेवाली_काकू
भाऊ, तुमचं वाचून पोटात तुटलं. पण तुम्ही सांगितलंत आणि त्याने सांगितलं नाही. त्यालाही पाण्याच्या रांगेची भीती असेल, कबूल. ती भीती त्याने उचलून एका परक्या मुलीच्या पदरात टाकली. याची काहीच किंमत नको?

अनामिक_वाचक_७
किंमत हवी काकू. मी फक्त तुरुंगाला घाबरतो.

जुना_आयसीटीसीवाला
अनामिक जे म्हणतात त्याला आधार आहे. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये पार्टनर-२ हा युरोपातला अभ्यास आला. त्यात पुरुष-पुरुष अशी ७८२ जोडपी होती, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. पॉझिटिव्ह जोडीदार औषधावर होता आणि विषाणू दबलेला होता. त्याच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही, निरोध न वापरता. म्हणजे नियमित गोळ्या घेणारा न सांगता राहिला, तरी लागण देत नाही. गोळ्या सोडणारा देतो. गंगाताईंच्या गोष्टीत माझ्या मते सगळ्यात वाईट क्षण लग्नाचा नाही, त्याने गोळ्या सोडल्या तो आहे.

टेम्सकाठचा_मालवणी
पण काका, सांगणं वेगळं आणि लागण वेगळी. लागण झाली नसती तरी फसवणूक झालीच असती.

जुना_आयसीटीसीवाला
ते मान्य.

फणसाचा_गरा
एक शंका. डॉक्टरांना माहीत होतं ना? मग त्यांनी मुलीला का नाही सांगितलं?

काळा_डगला
२०१७ च्या कायद्याचं कलम ९ वाचा. डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतो. त्याआधी रुग्णाला स्वतः सांगण्याबद्दल समजावलेलं असावं लागतं, तो सांगणार नाही याची खात्री व्हावी लागते, आणि 'आता मी सांगणार आहे' हे रुग्णाला कळवावं लागतं. पण जोडीदार शोधत फिरायचं बंधन त्यांच्यावर नाही. याचं लग्न ठरलंय हे सेंटरला कोण कळवणार होतं?

सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये एका डॉक्टरच्या प्रकरणात म्हटलं होतं की नियोजित वधूला आपल्या जिवाचा हक्क आहे आणि तिथे त्याची गुप्तता मागे पडते. त्याच निकालात अशा माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित असल्यासारखंही लिहिलं होतं. २००२ मध्ये मोठ्या पीठाने, लग्नाबद्दलची ती विधानं करायची गरज नव्हती असं सांगून ती बाजूला सारली.

भाई_देवरूखकर
एवढं कशाला? त्याचा फोटो वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. दुसरी मुलगी तरी वाचेल.

प्रशासक
फोटो, नाव, गाव टाकण्याचे सल्ले इथे चालणार नाहीत. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

काळा_डगला
आणि कुणी करूही नका. नवरा-बायकोत विश्वासाने सांगितलेली ही माहिती बाहेर फोडायला २०१७ चाच कायदा मनाई करतो. शिवाय त्याच्या फोटोशेजारी तुमच्या मुलीचं नाव गाव आपोआप जोडणारच आहे.

राजापूरची_गंगा
सगळ्यांचे आभार. चार दिवस इकडे फिरकले नाही, कारण घरात वेगळंच सुरू झालं. सासरच्यांनी पलटी मारली. म्हणतात, आमच्या मुलाला काही नव्हतं, पहिला रिपोर्ट हिचा आला म्हणजे हिनेच आणलं. पोलिसात हिच्याविरुद्धच तक्रार देतो म्हणाले. नवरा गप्प. ती आता माहेरी आहे. जुनी_पाटींचं वाक्य मी दोनदा वाचलं.

दर्यावर्दी
आता तरी चार फटक्यांक परवानगी द्या.

काळा_डगला
गंगाताई, याची मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती. गरोदरपणात सरकारी तपासणी बाईची होते, म्हणून पहिला कागद बाईच्या नावाचा निघतो. शिक्षा कडक करा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगत असते. कुणाचा रिपोर्ट आधी आला यावरून कुणाला आधी लागण झाली हे ठरत नाही. विषाणूंची जनुकीय तुलना केली तरी दोघांचं नातं दिसतं, कुणाकडून कुणाला गेला हे खात्रीने सांगता येत नाही.

त्यांच्या धमकीने घाबरू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुण्याच्या एका नवऱ्याची घटस्फोटाची मागणी फेटाळली होती. बायको पॉझिटिव्ह आहे असं तो म्हणत होता, आणि कागदावर तसं काही नव्हतं.

तिच्या बाजूचा पुरावा त्याच्या एआरटीच्या नोंदणीत आहे. ती तारीख लग्नाच्या आधीची असणार. सेंटर ती तुम्हाला देणार नाही आणि देऊही नये. पण न्यायासाठी गरज आहे असं पटलं तर कोर्ट ती उघड करायला लावू शकतं. म्हणून आधी कोर्टात जा, पोलिसांचं नंतर बघू.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली, महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली म्हणून लग्न रद्द करून मागता येतं. त्याला मुदत आहे: फसवणूक कळल्यापासून एक वर्ष. आणि कळल्यानंतर तिने राजीखुशीने त्याच्याबरोबर संसार केलेला नसावा. त्यामुळे 'मुलाकडे बघून सहा महिने नांदून बघ' असं कुणी सांगत असेल तर त्या व्यक्तीला माझ्याकडे पाठवा. लग्न रद्द झालं तरी कलम १६ प्रमाणे मूल औरसच राहतं, ही शंका पुढे येणारच म्हणून आत्ताच सांगते. कलम १३ मध्ये संसर्गजन्य गुप्तरोग हे घटस्फोटाचं कारण आहे, पण ते दुधारी आहे, तिच्यावरही उलटवतील. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली निर्वाह आणि भरपाईचा अर्ज वेगळा करता येईल.

आंबेवाली_काकू
आणि तिचे दागिने? ते तिकडेच असतील.

काळा_डगला
त्याच अर्जात स्त्रीधन परत मागता येतं. लग्नाचे फोटो काढून यादी करा.

मुक्काम_पोस्ट_चिपळूण
हे सगळं करायला मुंबईला खेपा माराव्या लागणार का? आठव्या महिन्यात पोरगी कशी जाणार?

काळा_डगला
नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीपासून बायको राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. नाव गुप्त ठेवून टोपणनावाने खटला चालवायची मागणी २०१७ च्या कायद्याच्या कलम ३४ खाली करता येते, ती पहिल्याच दिवशी करा. नाहीतर बोर्डावर नाव लागतं आणि कोर्टाबाहेरच्या टपरीवर चर्चा. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

अनामिक_वाचक_७
गंगाताई, तिला कुणाशी बोलावंसं वाटलं तर माझी बायको बोलेल. प्रशासकांमार्फत निरोप द्या.

राजापूरची_गंगा
तिला सांगते. काल घरी बोलणं झालं. लग्न रद्द करायचा अर्ज करायचा आणि दागिनेही मागायचे, हे तिने स्वतः ठरवलं. पोलीस तक्रारीवर मात्र आमच्यात दोन तट आहेत. तिचा भाऊ म्हणतो कराच, ती म्हणते बाळंतपण होऊ दे, मग बघू. माझं मत अजून भावाच्या बाजूचं आहे. दोन वर्षं असोत की दोन दिवस, त्याने एकदा पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेलं मला बघायचंय.

काळा_डगला
बघाल. २७२ ची तक्रार बाळंतपणानंतर केली तरी चालते, त्याला तीन वर्षांची मुदत आहे. कलम १२ ची वर्षभराचीच, आणि ती सुरू झाली आहे. तो कबूल झाला त्या रात्रीची तारीख, घरात कोण कोण होतं, त्यानंतर त्याने मोबाइलवर काय काय पाठवलं, हे सगळं तिच्याकडून तिच्या शब्दांत आजच लिहून घ्या. मोबाइल फॉरमॅट करू देऊ नका.